संगणकाला क्लॅरिनेटचा दम कळेना

भूपातली एक बंदिश संगणकाकडून ऑर्केस्ट्रासाठी बसवून घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. नियम साधे: बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा, त्यांच्या ओळी, ओळ म्हणजे चाल आणि साथ, चाल बासरीला, क्लॅरिनेटला किंवा व्हायोलिनला. एका चिन्हाच्या जागी नियमाने दुसरी चिन्हं ठेवत जायची, अशी जी व्याकरणं भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५६ साली मांडली, त्यांपैकीच हा प्रकार. पायथॉन या संगणकभाषेत लिहिलं, म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं, वाजलंही झकास. संगणकाला श्वास लागत नाही ना!

पंचवटीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका आहेत. त्यांच्यापुढे कागद ठेवला. दुसऱ्या ओळीतच वाद्य खाली ठेवून म्हणाले, "साहेब, दम कुठं घ्यायचा यात? आमच्याकडं काय पेटीचा भाता आहे?"

खरंच होतं. 'ग प ध सां' क्लॅरिनेटला, लगेच 'ध प ग रे' पुन्हा क्लॅरिनेटला, पुढचं आवर्तनही त्यालाच. या व्याकरणात प्रत्येक नियम आपल्यापुरतं बघतो. शेजारच्या नियमाने कोणतं वाद्य उचललं, त्याला पत्ता नसतो. 'दम भरलेला क्लॅरिनेट', 'अर्धा उरलेला क्लॅरिनेट' अशी वेगवेगळी चिन्हं करून पाहिली, तर वाद्यागणिक नियमांचा नुसता बाजार भरला. एका जाणकाराने सल्ला दिला, "विराम शेवटी हाताने टाका." हातानेच टाकायचे तर व्याकरण कशाला लिहिलं? अजून डोकं फिरतं.

सुटका केली संगणकशास्त्रज्ञ क्नूथने. त्याने १९६८ मध्ये मांडलेल्या अॅट्रिब्यूट ग्रामरमध्ये चिन्हासोबत माहितीही पुढे जाते. मी 'उरलेला दम' हा आकडा डावीकडून उजवीकडे, एका ओळीकडून दुसरीकडे जाऊ दिला. आकडा उतरला की क्लॅरिनेटचा पर्याय बंद, चाल व्हायोलिनकडे. काकांनी पुन्हा वाजवलं आणि मान डोलावली. त्या दिवशी मी गंगापूर रोडने गात घरी आलो.

हो, एक राहिलंच. काही वाद्यांसाठी कागदावर लिहायचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. सगळं व्याकरण खऱ्या ऐकू येणाऱ्या स्वरांतच ठेवा. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी एक पूर्ण स्वर वर आणि डबल बेससाठी एक सप्तक वर लिहिण्याचं काम अगदी शेवटी, फाईल काढताना करा. नाहीतर साथ आणि चाल जुळवताना वेड लागेल.

आणि क्लॅरिनेटचा दमाचा आकडा ओबो या सनईसारख्या वाद्याला तसाच चिकटवू नका. ओबोत हवा फार कमी जाते. वाजवणाऱ्याला आधी आतली शिळी हवा सोडावी लागते, मग नवी घ्यायची. त्याचा हिशेब वेगळा ठेवा.