तबकड्या धुण्याचे यंत्र: निवड कुठवर आली

माझ्या संग्रहात ग्रामोफोनच्या तीन प्रकारच्या तबकड्या आहेत: नाट्यपदांच्या १० इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या, भावगीतांच्या ७ इंची ई.पी. आणि ख्यालगायनाच्या १२ इंची एल.पी. धुण्याच्या यंत्रांविषयीची बहुतेक चर्चा एल.पी.भोवतीच फिरते, परंतु ज्यांच्याकडे वाडवडिलांच्या काळचा लाखेचा साठा आहे, त्यांची निवड खरे तर त्या साठ्यावरूनच ठरायला हवी, या मताला मी आता येऊन पोहोचलो आहे.

लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि व्हिनाइलसाठी, म्हणजे ई.पी.-एल.पी. ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्यासाठी, मिळणाऱ्या अनेक द्रावणांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असतेच. तेव्हा द्रावण बदलणे जिथे जिकिरीचे आहे ते यंत्र आपल्या कामाचे नाही. शिवाय लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, जेणेकरून पोलादी सुई झिजून खाचेच्या आकाराची व्हावी. त्या झिजेचा चुरा, जुनी धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी यांचा थर खाचेच्या तळाशी घट्ट बसलेला असतो. एल.पी.च्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर ७८ च्या सुईचे ६५ च्या आसपास. यावरून खाचेच्या रुंदीतला फरक ध्यानात यावा.

हाताने फिरवायच्या हौदांपासून मी सुरुवात केली. अमेरिकन स्पिन-क्लीन किंवा जर्मन क्नोस्टी ही साधी, स्वस्त आणि विजेशिवाय चालणारी साधने आहेत. व्हिनाइलसाठी ती वाईट नाहीत. मात्र आधीच्या तबकड्यांचा मळ त्याच पाण्यात राहतो आणि पाणी वेळोवेळी बदलले नाही तर तो पुढच्या तबकडीवर चढतो. लाखेच्या बाबतीत अडचण निराळी आहे. काही लाखेच्या तबकड्यांच्या आत कागदाचा थर असतो, आणि कडेचा टवका उडालेला असेल किंवा बारीक तडा असेल तर तिथून पाणी आत शिरते. माझ्याकडच्या जुन्या तबकड्यांत अशी कडा नसलेली शोधावी लागेल. त्यामुळे हौद बाद.

अल्ट्रासॉनिक यंत्रांचा मोह मोठा होता. पाण्यात ध्वनिलहरींमुळे अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचेतला मळ सुटतो. हमिंगगुरू ४० किलोहर्ट्झवर चालते, तर एस्टोनियातले डिग्रिटर १२० वर. वारंवारता जितकी जास्त, तितके बुडबुडे लहान. पण तबकडीचा खालचा भाग येथेही पाण्यात बुडतोच, आणि लहान आकारांसाठी वेगळे जोड लागतात. केवळ एल.पी. असत्या तर मी याच दिशेने गेलो असतो.

राहिली शोषणाची यंत्रे, म्हणजे तबकडीवरचे द्रावण नळीने ओढून घेणारी. ब्रिटनमधले कीथ मंक्स यंत्र या घराण्यातले जुने; त्यात नळीचे टोक आणि तबकडी यांच्यामध्ये दोरा सरकत राहतो, म्हणजे प्रत्येक वेळी स्वच्छ दोराच पृष्ठभागाला लागतो. रचना देखणी आहे, किंमत मात्र माझ्या आवाक्याबाहेरची. त्याहून स्वस्त अशा ओकी नोकी आणि प्रो-जेक्ट यांच्या यंत्रांत मखमलीच्या पट्ट्या लावलेली शोषणनळी तबकडीवर टेकते, आणि मोटर द्रावणासकट मळ ओढून घेते.

एका स्नेह्यांकडच्या अशा यंत्रावर माझी एक नाट्यपदाची तबकडी धुऊन पाहिली. पांढरट ठिपक्यांनी भरलेली बाजू ओली करून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवताच पाणी राखाडी झाले, आणि शोषण होताच आडव्या उजेडात खाचांच्या रेषा सलग चमकल्या. वाजवल्यावर तडतड बरीच कमी झाली; झिजेची खरखर अर्थातच तशीच राहिली, कारण झिजलेली खाच कोणतेही यंत्र भरून देत नाही. खरा लाभ मला सुकवण्यात दिसला. द्रावण खाचेतच वाळले तर मळही तिथेच वाळतो. येथे ते बाहेर जाते. लाखेला ओलावाही काही मिनिटांपुरताच लागतो. मोटरचा आवाज मात्र मिक्सरच्या तोडीचा आहे, तेव्हा दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी हे काम काढू नये.

तेव्हा प्रकार ठरला: शोषणाचे यंत्र. त्यातही १० व ७ इंचांच्या नळ्या सुट्या मिळतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरणार नाही, कारण १२ इंची नळी १० इंची तबकडीच्या कडेबाहेर राहून नुसती हवा ओढते. दुसरी अट विजेची: अमेरिकेतून येणारे यंत्र ११० व्होल्टचे असेल तर त्यापायी जड ट्रान्सफॉर्मर बाळगावा लागेल, म्हणून २३० व्होल्टचेच घ्यायचे. लाखेसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि छायाचित्रकारांचे वेटिंग एजंट (पाणी पृष्ठभागावर सारखे पसरवणारा द्रव) एवढेच मिश्रण, वेगळ्या बाटलीत. ब्रश आणि मखमली पट्ट्यांचा संचही वेगळा, म्हणजे दगडी पूड एल.पी.वर जाणार नाही. दोन विक्रेत्यांना पट्ट्यांची किंमत विचारली आहे. उत्तरे आली की पुढची नोंद लिहीन.