कुंडीतल्या कॉफीला तहान लावताना

गेल्या वर्षीपर्यंत माझी नोंद एकाच वाक्याची असायची: रोपं जोमदार, आडव्या फांद्या भरपूर, फूल नाही. यंदा मार्चअखेरीला गच्चीवरची अरेबिका जातीची कॉफी फुलली. पुण्यात, कुंडीत, शेडनेटखाली. वाण सिलेक्शन 795, चिकमगळूरकडून आलेल्या पार्चमेंटमधल्या (म्हणजे आतलं पातळ कडक टरफल न काढलेल्या) बिया रुजवून केलेली रोपं. आपल्याकडच्या अरेबिका मळ्यांत हाच वाण सर्वांत जास्त दिसतो. तांबेऱ्याविरुद्धची त्याची ताकद आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण नवख्या हाताचं बरंच सोसतो.

या फुलांचं श्रेय खताला देणाऱ्यांनी जरा थांबा. शेणखत आणि गांडूळखत मी आधीही देतच होतो. यंदा बदललं ते पाणी.

कॉफीची कळी पानांच्या बगलेत धरते, काही मिलिमीटर वाढते आणि झोपी जाते. तिला उठवायला आधी कोरड लागते आणि मग एकदम भरपूर पाणी. पाउलो आल्विम या ब्राझिली शास्त्रज्ञाने 1960 साली हे नीट मांडलं: नुसतं पाणी देत राहिलं तर कळी झोपलेलीच राहते, आधी ताण बसावा लागतो. रोज संध्याकाळी झारी घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांची झाडं का फुलत नाहीत, याचं उत्तर यातच आहे.

एकदा हे कळलं की जगभरच्या कॉफीचं वेळापत्रक पावसावरून वाचता येतं. चिकमगळूर-कोडगूत डिसेंबरनंतर कोरडं असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये वळीव येतो. मळेवाले त्याला ब्लॉसम शॉवर म्हणतात. साधारण इंचभर तरी पडला पाहिजे. मग आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढरा होतो आणि दोन-तीन दिवसांत फुलं गळतातही. त्यामागून दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर लागते, ती बॅकिंग शॉवर. ती चुकली तर धरलेलं फळ टिकत नाही.

ब्राझीलमध्ये हिवाळा कोरडा आणि पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणून फुलोरा बराचसा एकदम आणि फळंही बरोबरीने पिकतात. सपाट जमिनीवर यंत्राने तोडणी परवडते ती त्यामुळेच. तिथल्या सेर्रादो भागात तर सिंचन असलेले बागायतदार मुद्दाम सुमारे 70 दिवस पाणी तोडतात, म्हणजे कळ्या एका पातळीवर येतात आणि एकत्र फुलतात. हे वाचलं आणि माझा प्रयोग ठरला.

विषुववृत्ताजवळ गणित उलटं. कोलंबियाच्या बऱ्याच भागांत आणि केनियात पाऊस वर्षातून दोनदा, म्हणून पीकही दोनदा. कोलंबियात दुसऱ्या, छोट्या पिकाला मिताका म्हणतात, केनियात फ्लाय क्रॉप. एकाच फांदीवर फूल, हिरवं फळ आणि लाल चेरी (पिकलेलं कॉफीचं फळ) असल्यावर यंत्र काय करणार? माणसं त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा येऊन पिकलेलं तेवढं वेचतात. केनियाची कॉफी महाग का, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडलं. (हाताने वेचली म्हणून चव आपोआप चांगली, हे मात्र मला पटत नाही. पुढे धुण्यात आणि वाळवण्यात मातेरं करता येतंच.) व्हिएतनामच्या मध्य पठारावर रोबस्टाचे, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीचे शेतकरी पावसाची वाट न बघता कोरड्या महिन्यांत स्वतः पाणी सोडून फुलोरा आणतात, त्यामुळे दुष्काळात विहिरी आटल्या की पहिला फटका तिथेच बसतो.

आता गच्चीवर. सेर्रादोचे 70 दिवस कुंडीला लावू नका, झाड मरेल. जमिनीत मुळं खोल जातात, कुंडीत कुठे जाणार? मी दिवस मोजले नाहीत, पानं बघितली. संक्रांतीनंतर पाणी कमी करत नेलं. दुपारी पानं मलूल आणि पहाटे पुन्हा ताठ, ही हद्द. पहाटेही माना टाकलेल्या दिसल्या की त्याच सकाळी थोडं पाणी. मार्चच्या मध्याला कळ्या फुगीर, फिकट हिरव्या दिसू लागल्या, तेव्हा कुंड्या तळातून पाणी वाहेपर्यंत भिजवल्या आणि पानांवरही फवारा मारला. आठवडा उलटल्यावर गच्चीचं दार उघडताच वास आला, जाईकडे झुकणारा. मग एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा एक भरपूर पाणी, आपली घरगुती बॅकिंग शॉवर.

एक कुंडी तहानेविना, रोजच्या पाण्यावर ठेवली होती. तिच्यावर फुलं आली, पण तुरळक आणि पुढेमागे.

अरेबिका स्वतःच्या परागावर फळते, त्यामुळे एकटी कुंडीही चालते. रोबस्टाला दुसरं वेगळं झाड लागतं, हे नर्सरीतून एकच रोप आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सध्या फळं पिनहेड अवस्थेत, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी आहेत. पावसाळा लागेपर्यंत ती फारशी वाढणार नाहीत, म्हणून घाबरून खत ओतायचं नाही. काळजी उन्हाची आहे. पुणे साधारण 560 मीटरवर, तर महाराष्ट्रात जिथे कॉफी खरोखर पिकते ते चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, तेव्हा शेडनेट दुहेरी केली आणि कुंडीत पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दिलं. बोअरच्या क्षारामुळे नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या अशी दिसत होती. साठवलेलं पावसाचं पाणी द्यायला लागल्यापासून नवी पालवी सुधारली आहे. पिठ्या ढेकूण खोडाच्या सांध्यात दिसतो, तो जुन्या दातब्रशने काढतो.

पावसाळ्यातली कामं दोन. छाटणी हलकी, कारण पुढच्या वर्षीची फुलं यंदा वाढलेल्या फांदीवरच येणार. आणि फळं भरू लागली की खत थोडं थोडं, विभागून. तोडणी नोव्हेंबरनंतर. एक किलो हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांना पाच-सहा किलो चेरी लागतात, त्या हिशेबाने माझ्या वाट्याला फार तर फिल्टरभर कॉफी येईल.

कोकणात किंवा गोव्यात कुणी कुंडीत रोबस्टा लावली असेल तर कळ्या कधी दिसल्या, पाणी कधी तोडलं आणि कधी दिलं, हे कळवा. तिथली दमट हवा ताण बसू देते का, हे मला बघायचं आहे.