रात्रीच्या सफरीत डोळे अंधाराला सरावलेले ठेवताना

नाशिकला समुद्र नाही, तरी आमच्या गटातली काही मंडळी हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर शिडाच्या बोटीतून रात्रीची सफर करतात, म्हणून निघण्यापूर्वी दिव्यांविषयी आग्रहाने लिहितो आहे. डोळ्यांतल्या दंडपेशींमधले (अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींमधले) ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य उजेडाने विघटित होते आणि ते पुरेसे भरून यायला 20 ते 30 मिनिटे लागतात. मोबाइलच्या उजळ पडद्याकडे टाकलेली एक नजर ही कमाई घालवते, आणि दिवा न लावता उभी असलेली मच्छीमार होडी नेमकी तेव्हाच समोर असू शकते. लाल प्रकाशाला दंडपेशी फारशी दाद देत नाहीत हे खरे, परंतु झगझगीत लाल दिव्यापेक्षा अगदी मंद पांढरा दिवा बरा, असे माझे ठाम मत आहे, कारण लाल उजेडात नकाशावरच्या लाल आणि किरमिजी खुणा कागदात विरून जातात. चार्टप्लॉटर, म्हणजे पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारे यंत्र, रात्रीच्या मोडवर ठेवूनही पडदा बहुधा जास्तच उजळ राहतो. त्याची प्रखरता शेवटच्या पायरीपर्यंत उतरवावी, आणि तरीही डोळ्यांना खुपला तर त्यावर लाल फिल्म लावावी. केबिनमधला दिवा लावण्यापूर्वी सुकाणूवरच्या माणसाला हाक द्यावी, म्हणजे तो एक डोळा मिटून घेईल. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे अंधाराला सरावतो, त्यामुळे निदान एक तरी शाबूत राहतो.