अंदाजे अठरा, ऑन-रोड वीस

रविवारी दुपारचं जेवण अंगावर आलेलं, ऑक्टोबरचं ऊन परद्याच्या फटीतून नेमकं डोळ्यावर, आणि उठून परदा सारायचाही कंटाळा करत मी पडलेलो, तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीच्या स्टिकरात नखशिखांत गुंडाळलेली गाडी, कुठल्याशा ढाब्यासमोर उभी, बाजूला एक कुत्रं झोपलेलं. खाली मेसेज, "मामा, हेच ते नवीन इलेक्ट्रिक. सायलेन्सर नाही पाहा."

गाडीचं नाव अजून कंपनीनेही सांगितलेलं नाही. दिवे कसे, आरसे कसे, काही कळत नव्हतं, ती नक्षी असतेच त्यासाठी, की बॉडीच्या रेषा नजरेला सापडू नयेत. पण आमच्या लोकांना रेषा लागतात कुठे? लगेच साळभाऊ आले, "अठरा लाखाच्या खाली नाही येत, लिहून ठेवा." वीज खात्यातून रिटायर झालेल्या काकाजींनी "एंट्री साडेपंधरा, टॉप तेवीस" जाहीर करून टाकलं आणि वर "एक्स-शोरूम सांगून राहिलो, टॅक्स-इन्शुरन्स धरून ऑन-रोड तुम्ही लावा" अशी पुस्ती. भाच्याच्या मते बॅटरी दोन येणार, छोटी आणि मोठी, आणि मोठी फक्त वरच्या दोन व्हेरिएंटला. वहिनींनी विचारलं, सनरूफ कोणत्यापासून? त्यावर मात्र चट एकमत झालं, की खालून दुसऱ्यापासून देतीलच, कारण आजकाल सनरूफ नसलं तर पोरं बापाला शोरूमच्या बाहेर निघू देत नाहीत. नागपुरात सनरूफ, बाप्पा! मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जाते आणि आम्हाला डोक्यावरून अजून ऊन पायजे.

आता यातला एकही जण गाडी घेऊन नाही राहिला. साळभाऊंची डिझेल अजून ठणठणीत आहे, काकाजी गोकुळपेठेच्या बाजारात स्कूटरने जातात, आणि भाच्याची नोकरी लागायची आहे.

मला हे मनापासून आवडतं. गाडी यायच्या आधीचे हे जे महिने असतात ना, त्यात ती सगळ्यांची असते. कोणाला सव्वा चौदाला पडते, कोणाला वीसला, कोणी तिला मागे दोन कप्पे देतो, कोणी पुढची सीट थंड हवेची करतो, आणि कोणीच ईएमआय भरत नाही. खरी किंमत जाहीर झाली की ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सुतक. मग "आपण तर सांगतच होतो" म्हणणारे उठून बसतात, आणि तोवर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची स्टिकर लावलेली गाडी कोणाला तरी दिसलेली असतेच.

आमच्या बाबांच्या वेळी अंदाज बांधायचा तो कधी मिळणार याचा. बजाज चेतकला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, किमतीवर डोकं चालवायची गरजच नव्हती, एकच स्कूटर, एकच भाव, फार तर रंगावर भांडा. भावाचं वेड लावलं ते नॅनोनं. एक लाख! २००८ च्या जानेवारीत दिल्लीला दाखवली आणि आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे सायकल ठेवायला जागा नव्हती त्यांनीही पार्किंगचा विचार सुरू केला. २००९ मध्ये आली तर खालच्या मॉडेलला एसी नाही, वायपर एकच, चाकाला नट तीन, डिक्की बाहेरून उघडतच नाही. आणि ऑन-रोड लाखाच्या बरीच वर. तरी मी म्हणतो तो आकडा मोठा होता, कारण तो आधी बोलला गेला होता आणि मग त्यात गाडी बसवली गेली. आता उलटं आहे, गाडी दाखवतात आणि आकडा आपल्याला शोधायला सोडतात.

या कलेत अमेरिकेतला तो टेस्लावाला सगळ्यांचा बाप. २०१९ च्या नोव्हेंबरात सायबरट्रक दाखवला, किंमत ३९,९०० डॉलरपासून. चार वर्षांनी डिलिव्हरी सुरू झाली तेव्हा सुरुवातीचा आकडा ६०,९९० झाला होता. २०२० मध्ये म्हणाले तीनेक वर्षांत २५,००० डॉलरची गाडी काढू, तिची तर जगभरच्या लोकांनी मनातल्या मनात डिलिव्हरीसुद्धा घेतली, गाडी काही आली नाही. आपल्याकडे टेस्ला येणार येणार करत २०२५ च्या जुलैत मुंबईला बीकेसीत शोरूम उघडलं, आणि मॉडेल वायची किंमत निघाली ५९.८९ लाख. इम्पोर्ट ड्युटी! आमच्या ग्रुपवर कोणीतरी तिला पस्तीसमध्ये बसवलं होतं, तो दिवसभर बोलला नाही. पण मला त्या प्राइसलिस्टमधली खरी आवडलेली ओळ रंगाची. करडा रंग फुकट, आणि लाल पायजे असेल तर १ लाख ८५ हजार वेगळे. रंगाचे! त्या पैशात त्या काळी नॅनो दारात उभी राहिली असती, तीही एसीची.

आपल्या कंपन्याही आता शिकल्या. टाटांनी तर व्हेरिएंटना स्वभावच देऊन टाकले, स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस, एम्पॉवर्ड. आमच्या घरी बजेट क्रिएटिव्हपर्यंत पोचते, फिअरलेस मी नाही, आणि एम्पॉवर्ड कोण आहे ते सांगायची गरज नाही. महिंद्राची बीई सिक्स १८.९० लाखापासून आली तेव्हा सगळे खूश, मग कळलं घरी लावायचा चार्जर त्यात नाही, तो ५० हजारापासून पुढे. एमजीने विंडसर काढली ९.९९ लाखात, बॅटरी सोडून, बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बाहेरगावच्या लोकांना हे म्हणे समजायला वेळ लागला. आम्ही नागपूरकर मार्चमध्ये किरायाने कूलर आणतो आणि पाऊस पडला की परत करतो, आम्हाला एका वाक्यात समजलं.

मला स्वतःला एक खोड आहे. शोरूममध्ये गेलो (जातो, चहा मिळतो) की टॉप मॉडेलकडे बघत नाही, सरळ खालच्या मॉडेलमध्ये जाऊन बसतो आणि झाकलेली बटणं शोधतो. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. वरच्या मॉडेलला जिथे बटण असतं तिथे खालच्याला त्याच आकाराचा प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा बसवलेला असतो, काहीही न लिहिलेला.

आमच्या घरी पहिली गाडी आली ती सेकंडहँड मारुती, बिनाएसीची. स्टिअरिंगच्या बाजूला असे दोन तुकडे होते. मी आणि ताईने ते वाटून घेतले, डावं तिचं, उजवं माझं. माझं बटण एसीचं होतं. मे महिन्यात मावशीकडे अमरावतीला निघायचो, पहाटे निघू निघू म्हणता दहा वाजायचेच, बाजारगावपर्यंत पोचेस्तोवर लू सुरू. आई काचेत ओला दुपट्टा अडकवायची, तो कोंढाळीच्या आत कडक. रेक्झिनच्या सीटला मांड्या चिकटायच्या, उचलल्या की टर्रकन आवाज. मग मी दोन सीटच्या मधून, बाबांच्या गिअरच्या हाताखालून हात लांब करून माझं बटण दाबायचो. ते दबायचं नाहीच, अंगठ्याचा ठसा तेवढा उमटायचा त्याच्यावर, घामाचा, आणि बघता बघता वाळून जायचा. आई मागे वळून पदर खांद्यावर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "कमी कर रे थोडा, थंडी वाजून राहिली." ताईच्या बटणाने काय व्हायचं ते तिने कधी सांगितलं नाही, परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "तुला काऊन सांगू?" बाबा काहीच बोलायचे नाहीत, गाडी चालवताना त्यांना बोललेलं आवडायचं नाही, पण एकदा तळेगावच्या पुढे त्यांनीच, रस्त्यावरची नजर न हलवता, माझं बटण दाबलं होतं.

आता बटणंच राहिली नाहीत म्हणा, सगळं स्क्रीनमध्ये गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरात टेस्लाने अमेरिकेत मॉडेल वायचं स्वस्तातलं व्हेरिएंट काढलं, ३९,९९० डॉलरचं, आणि त्यातली एक गोष्ट वाचून मी बायकोला झोपेतून उठवून सांगितली (तिला आवडलं नाही). या गाडीला वरती काचेचं छत आहेच, तेच, महागड्या मॉडेलचं. पण आतून अस्तर लावून झाकलंय. म्हणजे आकाश आहे, फक्त आपल्या व्हेरिएंटमध्ये नाही. त्याआधी २०१९ मध्ये मॉडेल थ्रीच्या सगळ्यात स्वस्त गाडीत बॅटरी तीच ठेवून रेंज सॉफ्टवेअरने कमी केली होती, गरम सीटसुद्धा असून बंद. प्लास्टिकचा तुकडा प्रामाणिक होता हो, मागे काही नव्हतं तर नव्हतं. इथे सगळं असते आणि आपल्याला नसते.

तर ग्रुपवर एव्हाना गाडी मुंबईला निघालेली. नवीन गाडी म्हटली की आमच्याकडे तिला समृद्धीवर घातल्याशिवाय चैन पडत नाही, त्यात इलेक्ट्रिकला टोलमाफी. काकाजींनी विषय काढला की बीई सिक्सच्या मोठ्या बॅटरीची कागदावरची रेंज ६८२ किलोमीटर आणि समृद्धी आहे ७०१ किलोमीटरची, म्हणजे कागदावरसुद्धा गाडी शेवटच्या टोकाच्या, आमणेच्या, १९ किलोमीटर अलीकडे बंद पडते. त्यावर भाचा चिडला, काकाजी, मध्ये कोणी जेवत नाही का, जेवताना चार्ज होते ना! साळभाऊ म्हणे १२० ने चालवली आणि एसी लावला तर पाचशेही देवाची कृपा. मग पाऊण तास एका नसलेल्या गाडीला नेमकं कुठे चार्जिंगला लावायचं यावर चाललं. मी मध्ये चहा करून आलो.

चहासाठी दूध नव्हतं म्हणून खाली उतरलो होतो, तर फाटकाशी आमच्या गल्लीतला ई-रिक्षावाला सीट उचलून बॅटऱ्यांमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकत बसलेला. तसं इलेक्ट्रिकचं नागपूरला अप्रूप नाही, २०१७ च्या मे महिन्यात ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सींचा देशातला पहिला प्रयोग इथेच झाला, महिंद्राच्या त्या पिटुकल्या गाड्या घेऊन, आणि पुढे चार्जिंगच्या रांगांना कंटाळून ड्रायव्हर लोक परत पेट्रोल-डिझेलकडे वळल्याच्या बातम्याही आल्या. हा मात्र टिकून आहे. आमच्या गल्लीत रोज इलेक्ट्रिक चालवणारा माणूस हा एकच, आणि याला आम्ही कधी काही विचारत नाही. मी फोटो दाखवला. त्याने कॅनचं नळकांडं बॅटरीच्या तोंडावर तसंच धरून, मान तिरपी करून पाहिला.

"बॅटरी कितीची?"

म्हटलं, नक्की नाही, पण साठ-पासष्ट युनिट धरा.

"आन बदलायला किती लागते?"

त्याच्या चार बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्टच्या, वर्ष-सव्वा वर्षात बसतात. जुन्या वजनावर देऊन नवीन आणायच्या, कोणत्या दुकानात उधारी चालते, कोणत्या महिन्यात भाव चढतात, सगळं त्याला पाठ. अंदाज नाही, भाव. मी सांगितलं, यांची आठ वर्षांची वॉरंटी असते, आता तर काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून जास्त देऊन राहिल्या. त्याने झाकण फिरवून बंद केलं, हात पॅन्टला पुसले.

"आठ वर्ष. तुमची पोरगी कितवीत?"

"चौथीत."

"मंग तवा बारावीत राहीन," म्हणाला, आणि सीट खाली टाकून निघून गेला, चौकात सवारी उभी होती.

वर आलो तर ग्रुपवर पाच सीटर की सात सीटर सुरू होतं. माझं मत सातचं, मी गेल्या आठवड्यातच त्यावर मोठा मेसेज लिहिला होता, आई-बाबा, ताईची पोरं, सगळे धरून. आता मोजायला बसलो. बारावीनंतर पोरगी काही नागपुरात राहत नाही, पुण्याला नाहीतर बंगलोरला, कोणाचीच राहत नाही. ताई हैदराबादला. बाबा आताच पायरी चढताना कठडा धरतात, आणि उंच गाडीत चढायला त्यांना स्टूल लागते.

मी काही टाइप केलं नाही. वहिनी विचारत होत्या, तिसऱ्या रांगेला एसीचे वेगळे व्हेंट देतील का, आणि साळभाऊ म्हणत होते, टॉपला देतील.