जानेवारीत कोस्ता ब्लांका: इमारतींच्या किनाऱ्यावरून सायकल नेण्याची तयारी

नेदरलँड्समध्ये सायकल हे वाहन आहे. ऑफिसला जा, भाजी आण, तोंडावर वारा-पाऊस घेत घरी ये. हौस म्हणून उन्हात आठवडाभर चालवायची तर उन्हाळ्याची वाट बघावी लागते. आम्हा दोघांना रजा मिळत होती ती नेमकी जानेवारीच्या शेवटी, जेव्हा आइंडहोव्हनला साडेपाचपर्यंत अंधार पडतो. नकाशावर बोट खाली खाली सरकवत स्पेनच्या कोस्ता ब्लांकावर येऊन थांबलो. आइंडहोव्हनहून आलिकान्तेला थेट विमान आहे, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर व्हॅलेन्सियापर्यंत जायचं आणि परत आलिकान्तेला येऊन विमान धरायचं, असा साधा बेत.

ओळखीतल्या सायकलवाल्यांनी नाकं मुरडली. "तिथे काय बघणार? नुसत्या इमारती." खोटं नाही. १९५६ साली याच किनाऱ्यावरच्या बेनिडॉर्मचा नगररचना आराखडा झाला, महापौर होते पेद्रो सारागोसा. तेव्हापासून कोळ्यांच्या त्या गावात जे टॉवर उभे राहायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. २००२ साली उघडलेलं एक हॉटेल तर १८६ मीटर उंच आहे. पुढे काल्पे, मोराइरा, हाविया, देनिया, गांदिया अशी गावं एकमेकांना टेकतच गेली आहेत. माझं म्हणणं असं, की हिवाळ्यात हेच सोयीचं. दर दहा-पंधरा किलोमीटरवर गाव, म्हणजे तंबू नको, स्टोव्ह नको, दोन दिवसांचा शिधा नको. उन्हाळ्यात जिथे सायकल घालायची हिंमत होणार नाही, तिथे जानेवारीत खोल्या रिकाम्या आणि रस्तेही त्या मानाने मोकळे. सामानाच्या पिशव्या निम्म्या झाल्या, हा पहिला फायदा.

सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या थंडीत समुद्रावर? आणि सायकलवर? गाडी मिळत नाही होय तिकडं?"

तारखा ठरवताना आधी ऑक्टोबरचाही विचार झाला होता, कारण तेव्हा पाणी कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते. तो लगेच सोडून दिला. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथे 'दाना'चा काळ. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावर वरच्या थरात थंड हवेचा गोळा अडकून बसतो आणि काही तासांत वर्षभराचा पाऊस ओततो. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया परिसरात जे झालं त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या भागातले ओढे एरवी ठणठणीत कोरडे असतात आणि कित्येक ठिकाणी वाट त्यांच्या पात्रातूनच जाते, म्हणजे सायकलवाल्यासाठी ती सगळ्यात वाईट जागा. ६ जानेवारीपर्यंत तीन राजांच्या सणाची सुटी, तोवर भाव चढेच. मार्चच्या मध्यात व्हॅलेन्सियात फायास नावाचा मोठा उत्सव, तेव्हा खोली मिळणंच मुश्कील. मधल्या पट्ट्यात दुपारी सोळा-सतरा अंश, रात्री सहा-सात. सूर्य मात्र सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहानंतर मावळतो, त्यामुळे दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या वर काही आखायचं नाही असं ठरवून टाकलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्हॅलेन्सिया प्रांतांची सायकल शर्यत असते, रस्ते अडवले जातात. तिच्या तारखाही बघून ठेवल्या.

खरी डोकेफोड रस्त्याची. युरोवेलो ८ हा भूमध्य समुद्राकाठचा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग कागदावर इथूनच जातो, पण कागदावरची रेघ आणि खालचा डांबर यांची सगळीकडे गाठ पडत नाही. किनाऱ्याला समांतर एन-३३२ हा जुना राष्ट्रीय रस्ता आहे. त्याच्या बाजूने एपी-७ हा द्रुतगती मार्ग, त्यावर सायकलला बंदी. १ जानेवारी २०२० पासून एपी-७ चा इथला टोल उठला, आणि टोल चुकवायला एन-३३२ वर उतरणारी वाहतूक बरीचशी एपी-७ कडे गेली. जुने प्रवासवर्णन वाचून "हा रस्ता भयंकर आहे" असं ठरवू नये, ते टोलच्या काळातलं असू शकतं.

मार्ग आखणारं ॲप आम्हाला एन-३३२ पासून लांब ठेवायचं म्हणून बंगल्यांच्या कॉलन्यांतून न्यायचं. काल्पे ते हाविया हा डोंगरउतार अशा कॉलन्यांनी भरलेला आहे. नकाशावर रस्ता रस्त्याला मिळालेला दिसतो, प्रत्यक्षात मध्ये कुलूप लावलेलं फाटक किंवा पायऱ्या. चढही असे, की तिथले लोक गाडीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये टाकतात. मग मी रोज रात्री जेवणं उरकल्यावर बसायची आणि ॲपची रेघ उपग्रहचित्रावर टाकून एकेक वळण तपासायची. सायकलवाले खरोखर कुठून जातात त्याचे नकाशे मिळतात, जास्त वर्दळीच्या वाटा त्यात ठळक दिसतात. जिथे ॲप एकीकडे आणि ती ठळक रेघ दुसरीकडे, तिथे डोळे मिटून रेघेच्या मागे जायचं. स्थानिक सायकलवाला उगाच मोठ्या रस्त्याने जात नाही. नवरा म्हणायचा, "अगं, एवढा अभ्यास तू सीईटीला केला असतास तर!" मी ऐकून सोडून दिलं. रोजचे मार्ग फोनवर माझेच होते.

मास्कारातला मात्र पर्याय सापडेना. आल्तेआ आणि काल्पे यांच्यामध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतो, मध्ये खोल घळ. रस्ता, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे, तिघांनाही तिथूनच बोगदे काढून जावं लागलंय. एन-३३२ चे बोगदे लहान आहेत, पण अरुंद, आणि बाजूला जागा नावापुरती. रस्त्याचे फोटो पुढे-मागे सरकवून बोगद्याचं तोंड, पांढरा पट्टा, कठड्याची उंची असं सगळं बघितलं. मागून ट्रक आला तर कुठे थांबायचं ती जागासुद्धा हेरून ठेवली. शेवटी दोन गोष्टी ठरवल्या. हा टप्पा रविवारी सकाळी यावा अशा बेताने बाकीचे दिवस मागे-पुढे केले, कारण रविवारी अवजड गाड्या कमी. आणि नकोसं वाटलं तर आल्तेआला ट्राममध्ये सायकल चढवून काल्पेला उतरायचं.

ट्रामची गरज पडली नाही. मागचे-पुढचे दिवे लावून बोगद्यात शिरलो तर मागून एका संघाचे दहा-बाराजण एका रंगाच्या कपड्यांत आले, "ओला" (म्हणजे स्पॅनिशमध्ये नमस्कार) म्हणत बाजूने निघून गेले आणि त्यांच्यामागे रेंगाळलेल्या गाड्या आपोआप आमच्याही मागे रेंगाळल्या. डिसेंबर-जानेवारीत युरोपातले बरेच व्यावसायिक संघ काल्पेच्या आसपास सरावाला येऊन राहतात. त्याचा परिणाम असा, की इथल्या ड्रायव्हरला सायकलमागे थांबायची सवय आहे. दीड मीटर अंतर ठेवूनच ओलांडायचं असा कायदा आहे, आणि बहुतेकजण तो पाळतात. नेदरलँड्समध्ये रस्त्यावर वेगळी लेन असते म्हणून जिवाला घोर नसतो. इथे लेन नाही, पण माणसं सांभाळून घेतात.

नियमांतली एक गोष्ट नेदरलँड्सवाल्यांच्या डोक्यात येत नाही: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. आमच्याकडे हेल्मेट नव्हतीच, ती घेतली. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चालवायचं तर लांबून चमकणारं जाकीट लागतं. सीलंट, म्हणजे पंक्चर आपोआप बुजवणारा द्रव, घातलेल्या ट्यूब घेतल्या, कारण एका जुन्या प्रवाशाने लिहून ठेवलं होतं की संत्र्याच्या बागांच्या कडेला बारीक तिकोनी काटे असतात. गांदियाच्या अलीकडे टायरमधून एक उपटून काढला तर सराटा! तोच, शाळेच्या मैदानावर चपलेच्या तळाला चिकटायचा तो. इतक्या लांब येऊन सांगलीचा माणूस भेटावा आणि त्याने चिमटा काढावा!

मुक्कामासाठी हॉटेल बघायचं की अपार्टमेंट, यावर फार वेळ घालवावा लागला नाही. सीझन नसताना स्वयंपाकघर असलेली छोटी अपार्टमेंट उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. बुकिंगच्या आधी फक्त दोन प्रश्न लिहून पाठवायचे: सायकल खोलीत नेता येईल का, आणि खोली गरम करायची सोय आहे का. दुसरा प्रश्न विसरू नये. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी थंडगार, भिंती पातळ. बाहेर सतरा अंशात बाही वर करून आलेला माणूस रात्री आत कुडकुडतो.

काय उघडं आणि काय बंद हेही गावागणिक वेगळं. बेनिडॉर्म बारमाही चालू. सरकारची इम्सेर्सो नावाची योजना १९८५ पासून पेन्शनरांना बिगरहंगामात स्वस्तात समुद्रावर आणते, शिवाय थंडीला कंटाळलेले ब्रिटिश आजी-आजोबा आहेतच. तिथल्या लेवान्ते किनाऱ्यावर सकाळी दहाला जितकी गर्दी होती तितकी आमच्या आइंडहोव्हनच्या चौकात रविवारी नसते. गांदियाच्या किनाऱ्यावर उलट. दहा-दहा मजली इमारतींच्या सगळ्या खिडक्यांची गुंडाळती शटर्स खाली, रस्त्यावर एक कुत्रं आणि त्याची मालकीण. तिथे किनाऱ्यावर राहायचं बुकिंग केलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता, म्हणून मुक्काम आत, मूळ गावात ठेवला होता. हा भेद तिथल्या बऱ्याच गावांत आहे: किनाऱ्यावरची वस्ती सुट्टीची, तीन-चार किलोमीटर आतलं गाव जितंजागतं. हिवाळ्यात आतलं निवडावं.

जेवणाचं वेळापत्रक सायकलच्या वेळापत्रकात बसवणं हा वेगळाच हिशोब. दुपारचं मुख्य जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं स्वयंपाकघर साडेआठच्या आधी सुरू होत नाही. सहाला दमून-भागून पोचलेल्या माणसाने तोवर काय करावं? म्हणून दुपारी ठरलेलं दिवसाचं जेवण बाहेर घ्यायचं आणि रात्री खोलीवर शिजवायचं. आम्ही शाकाहारी. "मांस नको" म्हटलं की सॅलडवर ट्यूना येतो, आणि त्यांच्या मते तो मांसात धरत नाहीत. बटाट्याचं ऑम्लेट तेवढं हमखास, अंडं चालत असेल तर. रात्री मी मूगडाळ आणि तिथला बोंबा जातीचा तांदूळ घालून खिचडी लावली. हा तांदूळ पाणी पितो भरपूर, पण मोडायचं नाव घेत नाही, पाएया या तिथल्या भाताच्या पदार्थासाठी म्हणूनच वापरतात तो. खिचडी झालीच नाही, मसालेभात म्हणून खाल्ली. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, म्हणजे मास्कारातच्या रविवारसाठी शनिवारीच सामान भरायचं होतं. घरून आणलेलं भडंग तेव्हा कामी आलं.

गांदियाच्या पुढे सगळं सोपं. कुयेरानंतर सपाट भातखाचरं, मग आल्बुफेरा सरोवर, शेवटी एल सालेरपासून सायकलसाठी वेगळी वाट. काही खाचरांत हिवाळ्याचं पाणी अजून उभं होतं आणि त्यात बगळे. फारसं लिहिण्यासारखं नाही, चालवायला मात्र सुरेख.

परतीची गाडी हा शेवटचा पेच. व्हॅलेन्सिया ते आलिकान्ते लांब पल्ल्याच्या रेल्वेत अख्खी सायकल घेत नाहीत, आणि किनाऱ्याने सलग रेल्वे नाहीच. व्हॅलेन्सियाहून लोकल गांदियापर्यंत येते, तिच्यात सायकल फुकट. आलिकान्तेहून निघालेली छोटी रेल्वे बेनिडॉर्मला बदलून देनियापर्यंत येते, जागा असेल तर तिच्यातही सायकल घेतात. मधला गांदिया ते देनिया दुवा १९७४ साली बंद झाला आणि अजून जोडलेला नाही. तेवढे तीसेक किलोमीटर पुन्हा सायकलने, त्यातल्या काही भागात जुन्या रुळांच्या जागीच हरितमार्ग केलाय, असा परतीचा दिवस ठरवला. सकाळची लोकल, दुपारी देनिया, संध्याकाळी आलिकान्ते.

विमानासाठी सायकलचं खोकं लागतं. पेडल काढायचे, हँडल आडवं वळवायचं, टायरमधली हवा कमी करायची. सायकलची जागा तिकिटाबरोबरच घ्यावी, कारण एका विमानात मोजक्याच सायकली घेतात. जाताना आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने नव्या सायकलींची रिकामी खोकी दिली. ती आलिकान्तेच्या घरमालकिणीकडे ठेवून निघालो, शेवटची रात्र तिच्याकडेच असल्याने तिने पलंगाखाली सरकवून ठेवली. चिकटपट्टी आणि पाना मात्र स्वतःजवळ असू द्या. रात्री नऊला आलिकान्तेत सगळं उघडं असतं, फक्त हार्डवेअरचं दुकान सोडून.