तुम्ही विचारलेत म्हणून: गोळ्यांवाचून मधुमेह आटोक्यात राहतो का?

मला टाइप दोनचा मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. नुकतेच निदान झालेले लोक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: गोळ्यांऐवजी एखादा नैसर्गिक उपाय आहे का? या प्रश्नातील ‘नैसर्गिक’ या शब्दापाशी मी अडतो. मेटफॉर्मिन या सर्वपरिचित गोळीचे मूळ गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्यांच्या अभ्यासात आहे. ते मूळ द्रव्य विषारी ठरले, पण त्याच्याशी नाते सांगणाऱ्या मेटफॉर्मिनचा मधुमेहींवरील उपयोग झाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. म्हणून उपाय झाडपाल्याचा की कारखान्यातला यापेक्षा, त्याचा परिणाम कोणी नीट मोजला आहे का, हे मी आधी विचारतो.

मोजण्याचे महत्त्व मला उशिराच कळले. काही वर्षांपूर्वी मी गोळ्या चालू ठेवून मेथी आणि दालचिनीचे चूर्ण घेऊ लागलो, आणि तीन महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, ८.१ टक्क्यांवरून ७.२ वर आली. भेटेल त्याला मी चूर्णाचे गुण सांगत सुटलो. मात्र त्याच तीन महिन्यांत मी जेवणानंतर वीस मिनिटे चालू लागलो होतो आणि रात्रीचे जेवणही कमी केले होते. ते सांगण्याजोगे मला वाटलेच नव्हते. पुढे चूर्ण सोडले, चालणे सोडले नाही, आणि आकडा जवळपास तिथेच राहिला. एकट्याच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, आणि मेथीतील विद्राव्य तंतू साखरेचे शोषण मंदावतात हेही खरे आहे. पण काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर चूर्णाचा एवढा प्रचार मी केला नसता.

पर्यायी मार्गांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो वजन उतरवण्याचा. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत, निदानाला सहा वर्षे उलटलेली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हते अशा लोकांच्या मधुमेहाच्या गोळ्या थांबवून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार देण्यात आला. वर्षाअखेरीस त्यांच्यातील ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या पातळीखाली होती, आणि १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेरीस मात्र ४६ चे ३६ झाले.

आकडे ऐकून कोणी उद्यापासून उपास धरणार असेल, तर त्याने आधी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेऊन जेवण तोडले तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. ग्लिफ्लोझिन गटातील, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळीवर असताना पिष्टमय पदार्थ अगदी कमी केले, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचून जिवावर बेतू शकते. शुद्ध वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत साखर उतरवणारी आधुनिक औषधे गुपचूप मिसळलेली आढळली आहेत. अशा वेळी आपण दुहेरी मात्रा घेत आहोत हे रुग्णाला कळतही नाही.

माझ्यापुरते विचाराल, तर चालण्याने आणि आहाराने दोन गोळ्यांची एक झाली, तीही डॉक्टरांनी तपासण्या पाहून केली. ती एक मी आजही घेतो.