आल्प द्युएझचा घाट, एकट्याने आणि सावकाश

फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात प्रत्येक वळणावर पाटी आहे आणि आकडे उलटे आहेत. पायथ्याला 21, माथ्याजवळ 1. मी सायकलवर एकटा होतो, घड्याळ मुद्दाम पिशवीत टाकलेलं. किती उरलंय ते या पाट्याच सांगत होत्या.

पायथ्याचं ल बूर द्वाझाँ साधारण 720 मीटरवर. तिथून 13.8 किलोमीटरमध्ये आपण 1,850 मीटरवर पोचतो. सरासरी चढ आठ टक्क्यांच्या जरा वर, पण या सरासरीवर विसंबू नका. पहिल्या वळणाआधीच रस्ता दहा टक्क्यांवर जातो आणि ला गार्दपर्यंत, म्हणजे 16 नंबरच्या वळणापर्यंत, फारशी उसंत देत नाही. पाय ताजे असतात, दोन-चार जण भराभर पुढे निघून जातात, त्यांच्या मागे लागावंसं वाटतं. लागू नका. एखादं वाक्य धाप न लागता बोलता येईल इतक्याच जोराने चढा. एकटे असाल तर स्वतःशीच बोलून बघा, मी तेच केलं.

गिअरचं आधीच बघून ठेवा. माझ्या सायकलला पुढे 34 दाते, मागचं सर्वांत मोठं चक्रही 34 दात्यांचं. म्हणजे पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, सुमारे 2.1 मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी साडेसात किलोमीटर. दहा टक्क्यांवर मला हेही जड गेलं. सायकल भाड्याने घेणार असाल तर मागे आणखी मोठं चक्र आहे का ते विचाराच.

वळणं मात्र जवळजवळ सपाट आहेत. प्रत्येक वळणावर वीस-तीस मीटर पाय हलके होतात, श्वास जागेवर येतो. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, तिथे वाहतूक उजवीकडून. त्यामुळे उजव्या वळणाला आपण आतल्या, उभ्या बाजूला असतो आणि डाव्या वळणाला बाहेरच्या, सौम्य बाजूला. उजवं वळण दिसलं की गिअर आधीच उतरवा.

पाट्यांवर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत इथे जिंकलेल्यांची नावं आहेत. शर्यत 1952 साली पहिल्यांदा या घाटात आली तेव्हा फाउस्तो कॉप्पी जिंकला; त्याचं नाव 21 वर आहे. विजेते वळणांपेक्षा जास्त झाले, म्हणून काही पाट्यांवर दोन नावं. मी प्रत्येक नाव थांबून वाचलं. 7 नंबरचं वळण डच लोकांचं. पहिल्या चौदा वेळांपैकी आठ वेळा त्यांचे सायकलपटू इथे जिंकले होते. शर्यतीच्या दिवशी तिथे त्यांच्या नारिंगी कपड्यांतली गर्दी उसळते. मी गेलो तेव्हा कोणी नव्हतं, तरी तिथेच सर्वांत जास्त वेळ बसलो.

वर पोचून घड्याळ काढलं: थांबे धरून दोन तास दहा मिनिटं.

उन्हाळ्यात पहाटेच निघा; उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन थेट अंगावर येतं. वारा अडवणारं जाकीट मात्र बरोबर हवंच. वर पायथ्यापेक्षा सहा-सात अंश थंड असतं आणि उतरताना घामाने भिजलेलं अंग कुडकुडतं. ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा. सतत दाबून धरले तर तापतात. कोल द सारेन या खिंडीतूनही उतरता येतं, पण तो रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे. एकटा होतो म्हणून मी आल्या वाटेनेच उतरलो, आणि 7 वर पुन्हा थांबलो.